पाठमोरी

९ फेब्रुवारी

ताई,

फोन करत नाही म्हणून रागावू नका. तुमच्या कानांचं तुम्हाला ठाऊक आहे, आणि इथे मी फोन उचलला की हे अगदी जवळ येऊन उभे राहतात. कोण आहे, कोण आहे, चालूच. सांगितलं तरी परत तेच. त्यापेक्षा पत्र बरं. जेवून जरा पडलेत, तेवढ्यात लिहिते आहे.

ह्यांनी मला ओळखणं सोडलं. आधी नुसतं नाव विसरायचे, आता नाव-नातं दोन्ही गेलं. परवा चहा हातात दिला तर म्हणाले, "बाई, तुम्ही बरेच दिवस आहात इथे. तुमच्या घरचे वाट बघत असतील." इतक्या अदबीने म्हणाले की मला रागावताही येईना. उभ्या जन्मात कधी मला 'तुम्ही' म्हणाले नव्हते.

दमले आहे, ताई. त्याला दुसरा शब्द नाही. सकाळी उठल्यापासून त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचं. गॅस चालू करतील, दार उघडून निघून जातील. शिवण तर बंदच केलं आहे. गिऱ्हाइकांना दुसरीकडे पाठवते, मशीनवर चादर टाकून ठेवलीय. पायऱ्या उतरताना माझे गुडघे बोलतात आणि ह्यांचे पाय मात्र तरण्यासारखे चालतात, हा कुठला न्याय?

तर आता मुद्द्याचं. टेकडीखाली म्हाताऱ्यांची संस्था आहे, तिथे एप्रिलच्या एक तारखेपासून एक खाट रिकामी होतेय. मी होय म्हणून ठेवलं आहे. लोक नावं ठेवतील. ठेवू देत, ठेवणाऱ्यांनी एक रात्र इथे येऊन काढावी.

त्याआधी मला भिंत मोकळी करायची आहे. ह्यांची ती बोक्याची चित्रं. तुमच्याकडे उतरून आणायचे ना, ती. आमची बदली तुमच्या गावाला होती तेव्हा हे मीटर वाचत गल्लोगल्ली फिरायचे, तेव्हापासून भिंती बघायची खोड. हा बोका म्हणवणारा माणूस म्हणे लोकांच्या भिंतींवर चित्रं काढतो, नगरपालिका त्यावर चुना फासते, आणि फासायच्या आत तो त्याच चित्राच्या मोजक्या प्रती छापून घेतो. खाली पेन्सिलीने आकडा, चाळिसातली इतकावी. छापल्यावर पुन्हा प्रत्येकीवर स्वतःच्या हाताने रंग लावतो, म्हणून एकीसारखी दुसरी नाही. हे सगळं मला ह्यांनीच सांगितलंय, इतक्यांदा की आता ते विसरले तरी मी विसरणार नाही. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तशी ती चित्रं आमच्या भिंतीवर आली.

त्यातलं एक नळीत घालून तुम्हाला पाठवते आहे. बोक्याला दाखवा, विचारा, सगळी परत घेतो का, नाहीतर कोणी शौकीन माहीत आहे का. पैशाचं काही नाही, घरातून जाऊ देत.

आणि एक विचारायचं होतं. कधीपासून विचारायचं होतं. भिंत दर चित्रात वेगळी, कुठे बाक, कुठे जिना, कुठे दुकानाची पायरी. पण प्रत्येकात एक बाई आहे. तीच. पाठमोरी बसलेली, अंबाड्यात पिवळी काडी खोचलेली, आणि डावा खांदा असा खाली सोडलेला, नखऱ्याने. एवढा नखरा मला कधी जमला नाही. गावातल्या अर्ध्या बायकांच्या पाठीची मापं मी घेतली आहेत, असा खांदा असता तर डावीकडे आतून पट्टी द्यावी लागली असती आणि माझ्या लक्षात राहिलं असतं. म्हणजे इथली नाही. तुमच्याकडची आहे.

वाईट वाटून घेऊ नका. पण तुम्हाला माहीत असेल तर सांगा. ज्या माणसाचं सगळं मी करते आहे त्याच्या मनात कोण होतं, एवढं तरी मला कळू दे.

तुमची धाकटी

१८ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं पत्र चष्म्याने वाचलं, मग भिंगाने वाचलं. अक्षर तेच आणि डोकंही तेच, सरळ धाग्याला गाठ मारणारं. जन्मभर मी टेलिफोनच्या खात्यात लोकांची बोलणी जोडून दिली आणि आता माझेच कान तुटले, पण डोळे अजून थोडे शाबूत आहेत. नळी अजून पोचली नाही. टपालखातं माझ्यासारखं झालंय, चालतं पण बसत बसत.

आधी संस्थेचं. मी तुला काही शिकवणार नाही. आमच्या ह्यांचं मी शेवटपर्यंत घरी केलं म्हणून सगळे माझं कौतुक करतात. त्या कौतुकाच्या आत काय होतं ते मला विचार. शेवटच्या वर्षात मी त्यांच्यावर इतकी खेकसायचे की शेजारचे खिडकी लावून घ्यायचे. तेव्हा तू होय म्हटलं असशील तर विचार करून म्हटलं असशील. माझ्याकडून पाठिंबा आहे असं समज. कोणी तुला बोललं तर माझ्याकडे पाठव, मला ऐकू येत नाही, मी नुसती बोलते.

आता दुसरं. भावजी आणि बाई? अगं, त्यांना शिंक आली तरी परवानगी मागून शिंकतील. माझ्याकडे यायचे, रात्री उतरायचे, गप्प जेवायचे. सकाळी इस्त्रीचा शर्ट, नवरदेवासारखा भांग पाडून बोक्याकडे रांगेत उभे राहायला जायचे. मी चिडवायचे की चित्र आणायला चाललात की मुलगी बघायला? तर नुसते हसायचे. दुपारी नळी काखेत मारून यायचे आणि यायचे ते खुशीत. चित्र मात्र कधी उघडून दाखवलं नाही, वळकटी मोडते म्हणायचे. मीही मागे लागले नाही. मला त्या भिंतीवरच्या रेघोट्यांतलं काय कळतंय?

नळी आली की बोक्याकडे जाऊन येते. तू जेवत जा. पत्रात जेवणाचं एक अक्षर नाही.

तुझी जाऊ

२ मार्च

ताई,

भांग पाडून जायचे हे तुम्ही गमतीत लिहिलंत. मी ते वाचून बराच वेळ जिन्यात बसून राहिले. आमच्याकडे लग्नकार्याला जायचं असलं तरी मला कंगवा घेऊन त्यांच्या मागे लागावं लागायचं.

राग आला तसा उठले आणि सगळी चित्रं खिळ्यावरून उतरवून पलंगाखाली घातली. संध्याकाळी हे खोलीत गेले आणि तिथेच उभे. रिकाम्या भिंतीवर हात फिरवत होते. मग मला म्हणाले, "बाई, तुम्ही तिला उठवलंत का?" मी म्हटलं कोणाला? तर रडायला लागले. ताई, सासूबाई गेल्या तेव्हा हे रडले नव्हते. "ती कुठे गेली, इथे बसलेली असायची," असं म्हणत पोरासारखे रडत होते, आणि मी समोर उभी. जिवंत, हातात त्यांच्या गोळ्या घेऊन.

शेवटी एक चित्र परत लावलं, तेव्हा गप्प झाले. समोर खुर्ची ओढून बसले. मी जेवणाचं ताट तिथेच नेलं आणि त्या बयेच्या साक्षीने त्यांना घास भरवला. ह्याहून खाली जायला काही उरलं आहे का?

संस्थेत परत फोन करून पक्कं केलं. कपड्यांवर नावं शिवून द्या म्हणाले, धुलाईत अदलाबदल होते. चित्रंही तिकडेच देते आता त्यांच्याबरोबर. त्यांची माणसं त्यांना लखलाभ. मला निदान झोप मिळेल. मला आता कशाचीच हौस नाही, फक्त झोपायचं आहे.

बोक्याला विचारायची गरज नाही. तुम्ही उगाच दगदग करू नका.

धाकटी

१३ मार्च

धाकटे,

दगदग करून झाली. आता बस आणि नीट वाच. मध्ये उठू नकोस.

नळी आली, उघडली, आणि मी एकटीच घरात मोठ्याने हसले. नंतर हसू राहिलं नाही ते वेगळं. अगं मूर्ख बाई, ती तू आहेस. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो तुझ्यासाठीच काढलेला आहे. अंबाड्यात पिवळी काडी कसली, ती तुझी खुणा करायची पेन्सिल! अर्धा जन्म तू ती पेन्सिल शोधण्यात घालवलास, आणि दर वेळी आम्हीच सांगायचं की डोक्यात आहे. आणि खांदा नखऱ्याने नाही खाली आलेला. मशीनवर वाकून वाकून आलाय. तू सगळ्यांच्या पाठी मोजल्यास, तुझी कोण मोजणार होतं? पाठ ही आपली असून आपल्याला दिसत नाही, दुसऱ्यालाच दिसते.

तुला खोटं वाटेल म्हणून मी बोक्याकडे गेले. मी समजत होते कोणी केस वाढवलेला पोरगा असेल. चांगला पन्नाशीचा, टक्कल पडलेला, पोट सुटलेला माणूस निघाला. एका बंद पडलेल्या बेकरीत त्याचं छपाईचं चालतं, भट्टीत कागद वाळत घालतो. मला ऐकू येत नाही म्हटल्यावर पाटी घेऊन बसला आणि मोठ्या अक्षरांत लिहून लिहून सांगितलं. सरळ माणूस आहे.

त्याची पद्धत अशी. प्रती छापतो त्यात एक जागा मुद्दाम रिकामी ठेवतो. बाक असेल तर रिकामा, पायरी असेल तर रिकामी. प्रत घ्यायला स्वतः यावं लागतं. आपली पाळी आली की तो विचारतो, इथे कोणाला बसवू? आपण सांगायचं आणि तो समोरच हाताने रंगवतो. कोणी मुलाला बसवतं, कोणी गेलेल्या आईला, कोणी कुत्र्याला. एकाने स्वतःलाच बसवून घेतलं म्हणे. काही जण मात्र जागा तशीच ठेवा म्हणतात, म्हणजे पुढे दुसऱ्याला देता येते. शौकीन लोक तीच मागतात. भरलेली जागा कोणी घेत नाही, आणि तो परतही घेत नाही. त्याने पाटीवर लिहिलं, "दुसऱ्याच्या माणसाला मी उठवत नाही."

भावजी त्याला चांगले लक्षात आहेत. दर वेळी तीच बाई सांगायचे म्हणून. बोक्याने एकदा विचारलं, चेहरा काढू का? तर म्हणाले, नको. मी कामावरून घरी येतो तेव्हा ती अशीच बसलेली असते, दाराकडे पाठ करून. तिला मशीनच्या आवाजात कळत नाही. मी थोडा वेळ तसाच उभा राहतो, मग हाक मारतो. तो थोडा वेळ मला पाहिजे.

मागच्या खेपेला आले तेव्हा त्यांना स्वतःचा पत्ता सांगता येईना. तुझं नाव आठवेना. बोका घाबरला. पण ब्रश हातात घेतल्यावर भावजींनी बोट ठेवून दाखवलं, डावा खांदा अजून खाली घ्या.

आता तुला काय करायचं ते कर. संस्थेबद्दल मी बोलले ते बोलले, ते बदलत नाही. फक्त त्या बयेवर चिडू नकोस.

तुझी जाऊ

२० मार्च

ताई,

पत्र पोचलं.

तुम्ही ह्यांची बाजू घेता आहात असं आधी वाटलं. मग शेजारणीला बोलावलं, मशीनसमोर बसले आणि तिला फोनवर पाठीमागून फोटो काढायला सांगितला. तिला वाटलं माझंही डोकं गेलं. फोटो चित्राशेजारी धरून बघितला. खांदा खरंच खाली आहे. डावीकडे बोटभर पट्टी लागेल.

समजा मी आहे. मग? हे मला सांगायला काय झालं होतं? इतकी वर्षं एका घरात, एका ताटात म्हणावं तर तेही. आमटी छान झालीय एवढं म्हणायला ज्यांचं तोंड उघडलं नाही, ते परगावच्या रांगेत उभं राहून परक्या माणसाला माझा खांदा समजावून सांगतात. आणि मी इथे त्यांचा डबा भरताना मनातल्या मनात त्या बाईला शिव्या घालत होते. त्या सगळ्या मलाच लागल्या.

आणि चेहरा का नाही हो काढून घेतला? एकदा तरी घ्यायचा. चेहरा भिंतीवर असता तर रोज बघून तो तरी राहिला असता डोक्यात. पाठ घेऊन मी काय करू आता?

आज सकाळीही विचारलंच, बाई तुम्ही कोण. सांगायचं त्राण नव्हतं. मी म्हटलं, कामाला आहे.

एक तारखेचं ठरलेलं आहे. रडून झालं, पण थकवा रडण्याने जात नाही.

धाकटी

११ एप्रिल

धाकटे,

एक तारीख उलटून गेली. तुझं पत्र नाही. शेजारणीच्या नंबरावर नातीकडून फोन करवला, तर ती म्हणाली बरे आहेत, आणि ठेवून दिला. कोण बरे आहेत? एक की दोघं?

सोडलं असशील तर सोडलं म्हण. नसशील तर नाही म्हण. मी दोन्हीला हो म्हणणार आहे. पण गप्प राहू नकोस, मी या वयात पोस्टमनची वाट बघत दारात उभी राहते, लोकांना भलतंच वाटतं.

तुझी जाऊ

२२ एप्रिल

ताई,

नाही सोडलं. म्हणजे खाट सोडली. संस्थेने ती लगेच दुसऱ्या कोणाला दिली. कौतुक करू नका, तुम्हाला त्या कौतुकाची किंमत माहीत आहे. पुढे मागे परत त्यांच्या दारात उभं राहावं लागेल, तेव्हा लागेल. आणि दमले होते ती दमलेलीच आहे.

झालं असं. निघायच्या आदल्या दिवशी त्यांचे शर्ट घेऊन बसले. नावाच्या पट्ट्या शिवायच्या होत्या. मशीनवरची चादर काढली, तेल घातलं. दिवाळखोराचं दुकान उघडावं तसं वाटत होतं. हे बाहेरच्या खोलीत खुर्चीत होते, घराच्या दाराला आतून कडी होती, म्हणून जरा निर्धास्त होते. मशीन सुरू केलं. दोन शर्ट झाले असतील. मागून आवाज आला, "आलो गं."

ताई, तो आवाज मी किती महिन्यांनी ऐकला. आता जो बोलतो तो पाहुण्याचा आवाज आहे. हा घरचा होता. माझ्या हातून शिवण वाकडी गेली. मी खुर्चीतल्या खुर्चीत वळले, म्हटलं ओळखलंत?

चेहरा बघितल्यावर बिचारे ओशाळले. दोन पावलं मागे सरकले. म्हणाले, "माफ करा बाई, मला वाटलं आमची बसलीय."

मी काय करणार? परत वळले. पाय मारायला लागले. धागा तुटला होता, तशीच बिनधाग्याची चालवत राहिले. मग पुन्हा, "आलो गं." मी मान न हलवता म्हटलं, आलात? बसा. तर स्टूल ओढून पाठीमागे बसले.

तेव्हा मला उमगलं. मी शिवण बंद केलं ते त्यांच्याकडे लक्ष द्यायला. दिवसभर त्यांच्या समोर, तोंडासमोर. आणि त्यांच्या हिशेबी त्या दिवसापासून बायको घर सोडून गेली आणि कोणी परकी बाई येऊन राहिली. ती परकी मीच.

आता रोज दुपारी बसते. घरातलं बारीकसारीक शिवण असतं, गिऱ्हाईकही एखादं घेते. हे येतात आणि मागे बसून बोलतात. इतकं बोलतात, ताई! कुठल्या वाड्यात कुत्रा अंगावर आला, कुठल्या मीटरमध्ये मुंग्यांनी घर केलं होतं, साहेब कसा वाकड्या तोंडाचा. मधली सगळी वर्षं कधी असं बोलले नाहीत, की मशीनच्या आवाजात मलाच ऐकू आलं नाही, देव जाणे. मी हूं हूं करते. वळत नाही. वळावंसं फार वाटतं. मान दुखते त्यापेक्षा ते जास्त दुखतं. एकदा राहवलं नाही म्हणून आरसा ठेवून बघणार होते, पण आरशात माझंच तोंड त्यांना दिसेल म्हणून तोही नको.

तास-दीड तासाने उठून स्वयंपाकघरात जावं लागतं, गोळ्यांची वेळ होते. तिथे मी परत परकी. ते परत अदबीने. माझी मी मला दोन ठिकाणी पुरवते आहे, बघू किती दिवस कापड पुरतं.

काल मात्र बोलता बोलता थांबले. मग आवाज खाली घेऊन, चुगली सांगावी तसं सांगायला लागले. म्हणाले, "इथे एक बाई कामाला आहे बघ. स्वभावाने खाष्ट आहे जरा. पण मला घास भरवते, अंघोळ घालते. दिवसभरात घटकाभर टेकलेली मी तिला पाहिली नाही. फार दमते गं ती. तू मालकीण ना, तिला जरा सुट्टी दे."

मला शिवण दिसेना. मी पाय मारत राहिले आणि म्हटलं, देते.

त्यांना फार बरं वाटलं. तिला सांगून येतो म्हणाले, आणि मला शोधायला स्वयंपाकघरात गेले.

तुमची धाकटी